आवाज बसला तो आठवडा

डिसेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. शाळेचं स्नेहसंमेलन नुकतंच पार पडलं होतं आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यात मी जेवढी ओरडले, तेवढी एरवी वर्षभरात ओरडत नसेन. उघड्या पटांगणात नाच बसवायचे, शेजारी स्पीकर लावलेला, त्यात नाशिकची थंडी. संमेलन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला चहासाठी हाक मारायला गेले, तर घशातून नुसती हवा आली.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सगळं करून झालं. शेवटी शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात बारीक नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलीच सूज आहे. आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही."

मी कुजबुजत म्हटलं, "शाळा आहे हो."

"कुजबुजायचंही नाही. त्यानं उलट जास्त ताण पडतो." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय करतात या?"

"शिक्षिका आहे. तिसरीचा वर्ग आहे तिच्याकडे."

डॉक्टर हसले. "मग दोन आठवडे सांगायला हवं होतं मी."

रजा घ्यायची माझी तयारी होती. पण आमची शाळा लहान. पहिली-दुसरीच्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या, आणि चौथी शिकवणारे सरच मुख्याध्यापक. मी गेले नसते, तर सगळे वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडले असते. मी त्यांना मेसेज करून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "तुम्ही नुसत्या खुर्चीत बसा बाई. मुलं तुमच्याकडे बघून गप्प बसतील." सरांचं उभं आयुष्य मुलांमध्ये गेलंय. तरी हे वाक्य त्यांनी कशाच्या भरवशावर लिहिलं, ते मला अजून कळलेलं नाही.

शहर संपत येतं आणि मळे सुरू होतात, अशा जागी ही शाळा आहे. वर्गातली निम्मी मुलं मळेवाल्यांची. शाळेत यायच्या आधी घरी मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधून आलेली. त्यांच्या हातांना तो वास दुपारपर्यंत असतो. फुलांच्या मळ्यातली एक मुलगी तर वहीत झेंडूच्या पाकळ्या ठेवायची, त्यामुळे तिचं गणित तपासताना बोटं पिवळी व्हायची. उरलेली मुलं आसपास भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची. कुणाचे वडील कारखान्यात, कुणाचे बांधकामावर, कुणाचे मार्केट यार्डात.

त्यातच दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगी नवीन आली होती. सटाण्याच्याही पलीकडच्या गावाची. वडील भाजीचा टेम्पो चालवायला नाशकात आले, म्हणून कुटुंब आलं. पहिल्याच दिवशी तिचा पेन कुठेतरी पडला आणि तिनं शेजारणीला विचारलं, "मना पेन कोठे शे?" अहिराणी कानावर पडायची इथल्या मुलांना सवय नाही. सगळा वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना गप्प केलं, तिला जवळ घेतलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर ती वर्गात बोललीच नाही. लिहायची नीट, गणितं सोडवायची, हजेरीला हात वर करायची. तोंड मात्र मिटलेलं. मी रोज तिला सांगायचे, "बोल बाळा, घाबरू नकोस." मी जितकं सांगायचे तितकी ती अंग चोरून घ्यायची.

सोमवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माझा आवाज बसला आहे. आठवडाभर मी बोलणार नाही. तुम्ही मला मदत कराल का?"

मुलांनी मोठ्यानं वाचलं. मग वर्गातला सगळ्यात उंच मुलगा उभा राहिला. "बाई, मग आम्हाला रागवणार कोण?"

मी त्याच्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले आणि तो बिचारा खरंच गंभीर होऊन खाली बसला. पहिला अर्धा तास मुलं इतकी शहाण्यासारखी वागली, की मला सरांचं म्हणणं पटायला लागलं होतं. दुसऱ्या तासाला वर्गाचा बाजार झाला. मी टाळ्या वाजवल्या. मुलांना वाटलं खेळ आहे. त्यांनीही तशाच वाजवल्या. मी जोरात वाजवल्या, त्यांनी आणखी जोरात. शेजारच्या वर्गातून सर आले.

"अरे, बाई आजारी आहेत ना?"

पहिल्या बाकावर बसणारी दोन वेण्यांची मुलगी, जिला मी दिवसातून कितीदा तरी "जरा गप्प बस" म्हणायचे, ती म्हणाली, "बाई आजारी नाय सर. बाईंचा आवाज आजारी हाय."

दुपारपर्यंत फळ्यावर लिहून लिहून माझा हात भरून आला. म्हणून मी खुणा सुरू केल्या. पुस्तक उघडा, वही काढा, पाणी प्या, हे मुलांना लगेच कळायचं. पण दोघादोघांनी मिळून एकमेकांना धडा वाचून दाखवा, हे काही केल्या कळेना. मी दोन बोटं दाखवली, मग पुस्तक, मग कान. कुणी दोन नंबरचं पान काढलं, कुणी कान धरून उभं राहिलं. मी अगदी टेकीला आले. तेवढ्यात ती सटाण्याकडची मुलगी उठली. पुस्तक घेऊन शेजारणीला खेटून बसली आणि एका ओळीखाली बोट फिरवायला लागली. मी जोरजोरात मान हलवून तिच्याकडे बोट दाखवलं. वर्गाला समजलं. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, बोलायचं नाही आणि तरी सांगायचं, याचा सराव तिला माझ्यापेक्षा जास्त झालाय.

मंगळवारी गणितात मापन होतं. दरवर्षी मी मुलांना आपापल्या पावलांनी व्हरांडा मोजायला लावते. प्रत्येकाची संख्या वेगळी येते. मग मी म्हणते, "बघा, प्रत्येकाचं पाऊल वेगळं, म्हणून सगळ्यांना सारखं माप लागतं." एका मिनिटात धडा संपतो. या वेळी मुलांनी मोजलं, आकडे फळ्यावर लिहिले, आणि मला ते वाक्य बोलता येईना. लिहून दाखवता आलं असतं. पण खडू हातात घेतला तोवर भांडण सुरू झालं होतं.

उंच मुलाची पावलं सगळ्यात कमी भरली होती आणि एका बुटक्या मुलाची सगळ्यात जास्त. उंच मुलगा म्हणाला, "हा लबाड हाय. मधली पावलं दोनदोनदा मोजली त्यानं." बुटका रडकुंडीला आला. पुन्हा मोजलं. आकडे तेच. मग एकानं आणखी हळू मोजून बघितलं. एकजण म्हणाला, व्हरांडा सकाळी थंडीनं आकसतो, दुपारी मोजू. मी खांबाला टेकून उभी होते. माझं उत्तर जिभेवर येऊन थांबलं होतं.

मधल्या सुट्टीच्या जरा आधी झेंडूवाली मुलगी म्हणाली, "दोघं जवळ उभे राहा बरं." तिनं दोघांच्या टाचा एका रेषेत लावल्या. सगळे वाकून बघायला लागले. मग उंच मुलगाच म्हणाला, "तुझं पाऊल केवढुसं हाय रे."

तिथून पुढे ते सगळं त्यांनीच केलं. सगळ्यांनी एकाच्याच पावलानं मोजायचं ठरलं. कुणाच्या, यावर पुन्हा वाद, आणि शेवटी बाईंच्या पावलावर एकमत. मी चप्पल काढली आणि पुढच्या पावलाची टाच मागच्याच्या अंगठ्याला टेकवत सबंध व्हरांडा चालले. सगळा वर्ग माझ्यामागून मोजत होता. सर दारात आले, बघितलं आणि काही न विचारता आत गेले. मग कुणीतरी शंका काढली, "बाई घरी गेल्यावर काय करायचं?" तेव्हा माझं पाऊल पुठ्ठ्यावर आखून कापून घेतलं गेलं. त्यानंतर मी कपाटातून मीटरची टेप काढून बाकावर ठेवली. ती काय आहे हे मला सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं मी तो धडा शिकवत होते, पण तो मुलांना इतका आवडलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

बुधवारपर्यंत मुलांना एक सवय लागली होती. मी खूण केली की सगळे आधी त्या सटाण्याकडच्या मुलीकडे बघायचे. तिला माझी प्रत्येक खूण कळायची. ती मग स्वतः करून दाखवायची आणि बाकीचे तसं करायचे. पण चित्रकलेच्या तासाला सगळ्यांचे हात रंगात भरलेले, आणि मी खाली सतरंजीवर गोल करून बसायला सांगत होते. तिचेही हात रंगलेले, त्यामुळे कुणाचा हात धरून गोल करून दाखवता येईना. दोन वेण्यांची मुलगी तिला म्हणाली, "अगं सांग ना तोंडानं. काय म्हणतात बाई?"

मी मुद्दाम कपाटाकडे वळले आणि कागद शोधायला लागले. माझ्या पाठीमागे वर्ग थांबला होता. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"बठी जा म्हनतस."

कुणीतरी फिसकन हसलं. मागोमाग आणखी दोघं. एरवी मी गर्रकन वळून म्हटलं असतं, हसायचं नाही. आता म्हणता येत नव्हतं. ते हसणं थोडा वेळ चाललं आणि आपोआप विरलं. मग दोन वेण्यांच्या मुलीनं विचारलं, "बठी जा म्हणजे बसा?"

तिनं मान हलवली असणार.

"मग उठा कसं म्हणायचं?"

"उठी जा."

"आणि इकडे ये?"

"आठे ये."

"आणि मला पाणी पाहिजे?"

"माले पानी जोयजे."

मी वळले तेव्हा सगळा वर्ग तिच्याभोवती जमला होता. मधल्या सुट्टीत पटांगणात खेळ सुरू झाला. एकजण ओरडायचा "बठी जा", सगळे बसायचे. "उठी जा", सगळे उठायचे. पहिलीची मुलंही त्यात घुसली. राज्य तिच्यावरच. ती तोंडावर रंगलेला हात धरून हसत होती. सुट्टी संपली तेव्हा तिला निळ्या मिशा आल्या होत्या.

गुरुवारी माझ्या टेबलावर औषधांचा ढीग जमला. कुणी आल्याचा तुकडा आणला, कुणी अडुळशाची पानं, कुणी आजीनं दिलेली लवंग कागदात बांधून. एकीनं पेरू आणला, त्यावर बाकीच्या तिला रागावल्या, कारण पेरूनं खोकला होतो. उंच मुलानं मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाला, "ही घशाला नाय बाई. भाजीला."

त्या दिवशी वाचनाच्या तासाला मी मुलांच्या मधे जाऊन बसले. पुढे उभं राहून बोलायचं नसलं की वर्गात बसायला खूप जागा असते. एक मुलगा माझ्या डोळ्यांदेखत सगळी कविता घडाघडा वाचत होता आणि त्याचं पुस्तक उघडं होतं भलत्याच पानावर. त्याला ती नुसती ऐकून पाठ झाली होती. जोडाक्षर आलं की त्याचं अडतं, हे मला डिसेंबरात कळत होतं. मी त्याच्याजवळ बसून एकेका अक्षराखाली बोट धरलं. तो दमला की आम्ही थांबायचो. मला घाई करता येत नव्हती, त्यामुळे त्यालाही घाई वाटली नाही.

शुक्रवारी दुपारी, तास चालू असतानाच, वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढलेल्या, हातात टेम्पोची किल्ली. सटाण्याकडच्या मुलीचे वडील. मी त्यांना आत यायची खूण केली.

"बाई, पोरीचा दाखला पाहिजे होता," ते म्हणाले. "सरांकडे गेलो, तर ते म्हणाले आधी वर्गाच्या बाईंशी बोला."

मी नुसती बघत राहिले. त्यांना वाटलं, मी पुढचं ऐकायला थांबले आहे.

"तिचं मन लागत नाही इथं. आल्यापासून रोज रात्री रडते. शाळेत तोंडातून शब्द काढत नाही म्हणे. हसतात पोरं. गावाकडे माझी आई आहे, तिच्याजवळ ठेवतो. तिकडची शाळा तिच्या ओळखीची आहे."

मी घशाला हात लावला आणि मान हलवली. त्यांचा चेहरा पडला. "राग नका मानू बाई. तुमची काही तक्रार नाही."

मी फळ्याकडे धावले. "दाखला नेऊ नका. ती आता बोलते," असं लिहायला घेतलं आणि घाईत खडू मोडला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुम्ही तोंडानंच सांगा ना काय ते."

वर्गात खसखस पिकली. मला मात्र रडू येईलसं वाटत होतं. नेमकं तेव्हाच बोलायला हवं होतं आणि बोलता येत नव्हतं. बोलले असते तरी चालणार होतं, एक वाक्य बोलून काय आभाळ कोसळणार होतं? मी तोंड उघडलं. आवाज म्हणून जे काही आलं ते दार करकरल्यासारखं होतं.

तेवढ्यात ती बाकावरून उठून आमच्याजवळ आली.

"बाईस्ना आवाज बठेल शे, पप्पा," ती म्हणाली. बारीक आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी सांगस त्यास्नं."

तिचे वडील तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं. आता कुणी हसत नव्हतं.

मी तिला खूण केली. आधी तिच्याकडे बोट, मग जमिनीकडे, मग हात छातीवर. ती माझ्या हातांकडे बघत होती. कळलं होतं तिला, पण स्वतःबद्दलचं ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. ती बोटं एकमेकांत गुंतवून उभी राहिली. शेवटी पहिल्या बाकावरून दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "काका, बाई म्हणतात हिला इथंच राहू द्या. ती गेली तर बाईंचं आम्हाला काय कळणार?"

मग सगळेच बोलायला लागले. ती आम्हाला शिकवते. ती राज्य घेते. आम्हाला बठी जा येतं. उंच मुलानं तर उभं राहून "माले पानी जोयजे" म्हणून दाखवलं. वडिलांना हसू आवरेना. ते खाली तिच्या उंचीला बसले आणि विचारलं, "तुनं काय मन शे?"

"माले जानं नही."

"रातले रडशी का मंग?"

तिनं आधी मान हलवून नाही म्हटलं. मग जरा विचार केला आणि म्हणाली, "थोडं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. "दाखल्याचं राहू द्या सध्या बाई," असं म्हणून दाराबाहेर गेले, चपला घातल्या, आणि पुन्हा डोकावून म्हणाले, "घशाला जपा."

शनिवार म्हणजे सकाळची शाळा आणि दप्तराला सुट्टी. त्या दिवशी गोष्टी सांगायच्या ठरल्या. ती तिच्या आजीकडून ऐकलेली एका शेळीची गोष्ट सांगायला उभी राहिली. शेळी रोज वेगळ्याच घरी झोपायला जाते आणि मालकीण तिला शोधत गावभर फिरते, अशी. एक वाक्य ती अहिराणीत म्हणायची आणि दोन वेण्यांची मुलगी ते मराठीत सांगायची. एका ठिकाणी तिनं भलताच अर्थ लावला, तर मागून दोघं ओरडले, "तसं नाय म्हणली ती." मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सर पहिली-दुसरीच्या मुलांना घेऊन आले आणि त्यांना सतरंजीवर बसवून दाराशी उभे राहिले. शेळी सापडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायला परवानगी दिली. मी वर्गात जाऊन हजेरीपट उघडला, तर मुलं म्हणाली, "तुम्ही बसा बाई, आम्ही घेतो." आठवडाभर मुलंच हजेरी घेत होती. मला एक धास्ती होती. माझा आवाज परत आला, आता सटाण्याकडच्या मुलीचं काम संपलं, ती पुन्हा मिटून जाईल की काय. सोमवारी ती खरंच फारसं बोलली नाही. मंगळवारी मी उत्साहाच्या भरात भागाकार समजावून सांगत होते. तिनं हात वर केला. मला वाटलं, शंका असेल.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही आते भलतंच बोलतस."

भलतंच म्हणजे फारच, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. वर्ग हसला, मीही हसले, आणि खडू ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसले. त्या दिवसाचा भागाकार मुलांनीच केला. तेव्हापासून मी प्रश्न विचारला की तोंड मिटून थांबायचा प्रयत्न करते. नेहमी जमतं असं नाही. सवय फार जुनी आहे.

आता ती पाचवीत आहे, दुसऱ्या शाळेत. गेल्या महिन्यात मी सकाळी बसची वाट बघत उभी होते, तर समोर एक टेम्पो थांबला. फ्लॉवरनं भरलेला. तिच्या वडिलांनी काच खाली केली. मी विचारलं, "काय म्हणते मुलगी?"

"बोलते बाई," ते म्हणाले. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलते. घरात दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही."

मागून बसनं हॉर्न वाजवला. त्यांनी घाईघाईनं एक फ्लॉवर माझ्या हातात कोंबला आणि टेम्पो पुढे काढला.